गादीवर बसलेल्या मुतालिकाची हकिकत

श्रीस्मरण करून, डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकिले तितकेच लिहितो, पदरचे काही घालीत नाही. शके सतराशे एकेचाळीस, प्रमाथीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एका राज्यात महाराज कैलासवासी जाहले आणि मागे राणी गोजराबाईसाहेब व पाच महिन्यांचे राजपुत्र राहिले, आणि टोपीकर सरकारचे पत्र आले की, वारस जिवंत आहे तोवर राज्य तुमचे, नाही तर आमचे. आणि दर साल वारसाचे वर्तमान राणीने स्वहस्ते आमच्या भाषेत लिहून पाठवावे. मग बाईसाहेबांनी त्रिंबकपंत दुभाषे यांस बोलाविले आणि ती भाषा शिकावयास आरंभ केला. पंत हुशार, आणि आपल्या हुशारीवर फारच खूष. ते म्हणाले, "बाईसाहेब, या भाषेत एकदा नाव सांगितले की पुन्हा पुन्हा घेत नाहीत, त्याच्या जागी सर्वनाम बसवतात. आपल्याकडे सरदार मोहिमेवर गेला म्हणजे त्याचा मुतालिक कारभार बघतो ना, तसेच. पुरुषाचा मुतालिक 'ही', बाईचा 'शी', आणि निर्जीवाचा 'इट'." पुरुषास 'ही' म्हणतात हे ऐकून दासी तोंडाला पदर लावून हसल्या आणि बाईसाहेबही हसल्या. त्यानंतर त्यांस हसताना मी पाहिले नाही.

आता त्या राज्याची एक रीत सांगणे जरूर आहे. मुतालिक धन्याच्या जागी बसला असता धन्याचे नाव कोणी उच्चारीत नसे. नाव निघाले की मुतालिकाचा अंमल उठतो, ऐशी समजूत होती. रीत जुनी, आणि कोणी कधी तिचे कारण विचारले नाही.

पौषात राजपुत्रांस ताप भरला आणि तिसरे दिवशी दोन प्रहरी ते गेले. बाईसाहेब, पंत आणि येसू दाई यांनी मागल्या बागेत चाफ्याखाली त्यांस पुरिले आणि बाहेर कळू दिले नाही. मी दऊत धरणारा कारकून, दाराशी उभा होतो म्हणून मला ठाऊक. आणि त्याच दिवशी टोपीकरांस पत्र जावयाचे होते. बाईसाहेब बसल्या, पहिल्या ओळीत नुसते 'राजपुत्र' लिहिले आणि पुढे सर्वनामाशी लेखणी अडली. म्हणाल्या, "पंत, आता काय लिहू?" पंत म्हणाले, "खरे लिहायचे तर चाफ्याखाली आहे तो देह. देहाला 'इट'. पण ते लिहिले की राज्य गेले." तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "राज्याचे मरो. माझ्या लेकराला मी वस्तू म्हणणार नाही." आणि 'ही' लिहिले. मग पंतांनी रीतीप्रमाणे महालात ताकीद दिली की, मुतालिक बसला, आजपासून राजपुत्रांचे नाव कोणी घेऊ नये. लोकांस वाटले, दृष्ट लागू नये म्हणून असेल, आणि सर्वांनी ऐकिले.

दुसरे दिवशी सकाळी पाळणा हलू लागला. दोरी कोणाच्या हाती नव्हती. येसू दाईने पाहिले आणि ती जोजवू लागली. पुढील साली बाईसाहेबांनी लिहिले की 'ही' चालू लागला, आणि त्या आठवड्यात सारवलेल्या भुईवर लहान पावले उठली. मग लिहिले की 'ही' जेवतो, आणि ताटातला भात कमी होऊ लागला, परंतु उष्टे खरकटे काही नाही. मग अंगरखा शिवावयाचा म्हणून शिंपी आला आणि रिकाम्या जागी दोरी धरून बसला, आणि घामाघूम होऊन म्हणाला, "माप लागलं." अंगरखा बरोबर बसला. गळ्याच्या वर मात्र कोणी पाहात नसे. मला विचाराल तर मीही पाहिले नाही, भ्यालो.

ऐशी आठ साले गेली, आणि सर्वजितनाम संवत्सरी टोपीकरांचा साहेब राज्याभिषेकाची सनद घेऊन आला. भर दिवसा दरबार भरला. गादीवर अंगरखा ताठ बसला होता. साहेबाने टोपी काढून सलाम केला आणि कागदाकडे पाहात मोडक्या मराठीत म्हणाला, "बाईसाहेब, इथे नाव पाहिजे. काय लिहू?"

 बाईसाहेबांनी पंतांकडे पाहिले आणि पंतांनी येसू दाईकडे, आणि दाईने दोन्ही हातांनी डोके धरिले. बारशाला शंभर माणसे होती, मीही होतो, पेढा खाल्ला होता, आणि नाव कोणासही आठवेना. साहेब म्हणाला, "नावाशिवाय सनद होत नाही." घटकाभर थांबला आणि कागद गुंडाळून निघून गेला.

मग बाईसाहेब अनवाणी चाफ्याखाली गेल्या, आणि मी मागोमाग गेलो. त्या मातीवर हात ठेवून म्हणाल्या, "काय म्हणून हाक मारू रे तुला? मी आई ना तुझी." आणि पुष्कळ वेळ ओठ हालवीत राहिल्या, आणि शेवटी जे एकच तोंडात बसले होते ते निघाले, "'ही'." मातीखाली काही हालले नाही. दरबाराकडून लहान पावले धावत आली आणि बाईसाहेबांच्या पाठीशी थांबली, आणि आवाज आला, "आलो." बाईसाहेबांनी मागे वळून पाहिले नाही.

तात्पर्य, राज्य टोपीकरांकडे गेले आणि बाईसाहेब त्याच साली वैशाखात वारल्या. राज्ये जातात, त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. एका लेकराचे नाव आम्ही सर्वांनी मिळून घालविले, ते लिहून ठेविले पाहिजे म्हणून लिहिले. लेखनसीमा.