वानखडे डॉक्टरांचा चौरंग

ही हकीकत सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. विषय पोट साफ होण्या-न होण्याचा आहे म्हणून नव्हे. त्यातला माझा भाग सांगण्यासारखा नाही म्हणून. पण डॉक्टर वानखड्यांबद्दल सांगायचं तर सगळंच सांगायला हवं.

हा माणूस वास्तुशांतीला चौरंग भेट द्यायचा. पूजेसाठी नव्हे, संडासासाठी. कमोडवर बसलं की पाय ठेवायला. "गुडघे कमरेच्या वर पाहिजे जी, मग आतला रस्ता सरळ होते," असं यजमानांना दारातच समजावून ते तडक न्हाणीघर पाहायला निघायचे. चंडीगढच्या आमच्या मराठी मंडळातल्या एकाही घराचा कमोड त्यांनी मोजायचा ठेवला नव्हता.

एकदा चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत नव्याने बदलून आलेल्या एका कॅप्टनकडे त्यांनी पूजेच्या आदल्या दिवशीच चौरंग पोचवला. कॅप्टनच्या बायकोने त्यावर सत्यनारायण मांडला. आम्ही गेलो तेव्हा केळीचे खांब बांधलेले, कलश बसलेला, गुरुजी पोथी उघडून तयार. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक.

"काय करू जी आता?" ते माझ्या कानाशी लागले. "हा आतला आहे!"

"गप्प बसा. देव सांभाळून घेईल."

ते गप्प बसले, पण प्रसाद घेताना राहवलं नाही. "उत्तरपूजा झाली की याला याच्या जागी ठेवा," त्यांनी त्या बाईंना बजावलं. बाईंनी भक्तिभावाने मान डोलावली आणि चौरंग कायमचा देवघरात ठेवला. पुढच्या आठवड्यात डॉक्टर तिथे दुसरा देऊन आले.

मूळचे अमरावतीचे. इथल्या एका मोठ्या इस्पितळात ते मोठ्या आतड्याच्या हालचालीवर संशोधन करत. जुनाट बद्धकोष्ठाच्या रोग्याला बारीक कड्या भरलेली कॅप्सूल गिळायला द्यायची, मग एक्स-रे काढून त्या कड्या कुठे अडकल्या ते बघायचं. हे एक्स-रे ते लोकांना नातवंडांच्या फोटोंसारखे दाखवत.

"मोठं आतडं म्हणजे आपलं चंडीगढ जी," ते रंगात येऊन सांगत. "सकाळी उठल्यावर आणि जेवण झाल्यावर सगळी वाहनं निघतात. कोणाचं इंजिनच मंद. पण कोणाची गाडी मस्त येते, आणि शेवटच्या चौकात पोलीसच हात आडवा करते!"

त्या पोलिसाला हात खाली घ्यायला शिकवणं, ही त्यांची खासियत. एक नळी, तिच्या टोकाला फुगा, समोर पडद्यावर हलणारी रेघ. रेघ बघत बघत रोगी घट्ट धरलेला स्नायू ढिला सोडायला शिकतो. औषध नाही, नुसती शिकवणी.

मी डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात होतो. आमच्याकडे रेचकाच्या गोळ्या बनत. "तुमची गोळी म्हणजे मागच्या गाडीचा हॉर्न," ते मला हिणवत. "हॉर्न वाजवून पोलीस हालते का कधी?"

भेटल्यावर नमस्कार-चमत्कार नाही. "काय जी, झाली का?" भाजीबाजारात, बँकेत, आरतीच्या ताटासमोर. बाया पदरात हसत, पोरं पळून जात. शेजारचे सरदारजी तेवढे रस्त्यापलीकडून ठणकावून सांगत, "हां जी डॉक्टरसाब, फर्स्ट क्लास!"

मी मंडळाचा ठरलेला विनोदी माणूस. एका गणेशोत्सवात मी त्यांची नक्कल केली. अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, बगलेत चौरंग. प्रमुख पाहुण्यांना विचारलं, झाली का, तबलेवाल्याला विचारलं, शेवटी गणपतीकडे वळून मोदकांच्या ताटाकडे बघत विचारलं. हॉल लोळत होता. पहिल्या रांगेत डॉक्टर स्वतः डोळे पुसत हसत होते. टाळ्या डोक्यात गेल्या आणि मी ठरवलं नव्हतं ते बोललो.

"रविवारी दुपारी डॉक्टरांच्या फाटकातून चौरंग पिशवीत लपवून कोण कोण बाया बाहेर पडतात, सांगू का? माझी गॅलरी समोरच आहे!"

सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. असा हशा मला पुन्हा कधी मिळाला नाही. डॉक्टर मात्र हसायचे थांबले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता सुमन, माझी बायको, म्हणाली, "एक तरी नाव घ्यायचं होतंत. माझं घ्यायचं होतंत. बाकीच्या तरी सुटल्या असत्या."

"तू कुठे रविवारी..."

"मी बुधवारी जाते. इस्पितळात. तुम्ही कारखान्यात असता तेव्हा."

ती पाठमोरीच बोलत राहिली. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या घरात नऊ माणसं आणि संडास एक. सासरे, दीर, मी, सगळ्यांचं आटपल्यावर हिची पाळी. रोखून धरायची सवय लागली ती लागलीच. इतक्या वर्षांनी तो स्नायू आता कुठे ऐकू लागला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला? तुम्ही ते स्टेजवर केलं असतंत."

मग तिने गाळणं खाली ठेवलं. "ते सगळ्यांना का विचारत सुटतात, ठाऊक आहे? मला म्हणाले, 'सगळ्यांनाच विचारलं की वहिनी, जिला खरंच त्रास आहे तिला असं नाही वाटत की हिलाच का विचारलं.'"

पुढच्या बुधवारी ती गेली नाही. त्यानंतरही नाही. रविवारी डॉक्टरांच्या फाटकाची कडी वाजेनाशी झाली. सुमन गोळ्या घेऊ लागली. आमच्याच कारखान्याच्या, मीच आणून दिलेल्या.

डॉक्टरांनी लोकांना विचारणं सोडलं. भेटले की हात जोडत, "नमस्कार" म्हणत आणि पुढे जात. सरदारजींना वाटलं, त्यांची तब्येत बिघडली.

मी त्यांच्याकडे माफी मागायला म्हणून जायचो आणि क्रिकेटवर बोलून परत यायचो. एकटा माणूस; कोणी आलं की अजून खूश होऊन स्वतः चहा करायचा. निवृत्त होऊन ते अमरावतीला निघाले तेव्हा मी ट्रकमध्ये खोकी चढवू लागलो. शेवटचं खोकं चढलं. आता बोलायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "संत्री पाठवा."

"पक्का," ते म्हणाले. आणि पाठवली. दर वर्षी पाठवली. यंदा आली नाहीत म्हणून फोन केला, तर तो त्यांच्या पुतण्याने उचलला. काका गेले, म्हणाला.

डॉक्टर, सुमन बरी होत होती. चार टाळ्यांसाठी मी ते थांबवलं, आणि तुमचं विचारणंही. मला माफ करा.