करप्याचा तास

"बाबा, रोज सकाळी पाणी घालायचं. मुळाशी. बास, एवढंच," सून म्हणाली आणि बॅग उचलून निघाली. ऑफिसच्या कामासाठी ती बारा दिवस परगावी चालली होती. गच्चीवरची टोमॅटोची आठ झाडं तिने बी रुजवण्यापासून वाढवली होती. नवऱ्याच्या हवाली ती करणं शक्यच नव्हतं. त्याने एकदा निवडुंगसुद्धा मारून दाखवला होता. म्हणून ती सासऱ्यांकडे आली.

सासरे म्हणजे अख्ख्या इमारतीचे मास्तर. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर मात्र घरात त्यांच्या हाती कुणी काही सोपवत नसे. पिशवी उचलायला गेले तरी कुणीतरी हातातून काढून घेई. त्यामुळे आठ कुंड्या मिळाल्या तेव्हा त्यांना बढती मिळाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच कुंडीत, खालच्या पानावर त्यांना तपकिरी डाग दिसला. वर्तुळात वर्तुळ आणि भोवती पिवळी कड.

"करपा!" मास्तर मोठ्याने म्हणाले.

खरं तर काळजी वाटायला हवी होती. पण मास्तरांना झाला आनंद. इतकी वर्षं पुस्तकातलं धूसर चित्र दाखवून जो शिकवला, तो करपा रोग आज साक्षात समोर होता, आणि बघायला वर्गात कुणीच नव्हतं! पान तोडून, पिशवीत बांधून फेकलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मास्तरांनी जिन्यात जाऊन हाक दिली, "अहो, वर या सगळे! दहा मिनिटांचं काम आहे."

सगळे आले, कारण गच्चीवर सगळ्यांच्याच कुंड्या होत्या. सुनेनेच उरलेली रोपं घरोघरी वाटली होती. तळमजल्यावरचा शिंपी आला, घड्याळं दुरुस्त करणारे शेजारी डोळ्याला लावायचं भिंग घेऊन आले. दुसऱ्या मजल्यावरची नर्सही आली. ती लहानपणी मास्तरांच्याच वर्गात होती.

"लांबून पाहून काही कळत नसतं," मास्तर म्हणाले. "पान हातात घ्या. बोट फिरवा."

पान हातोहात फिरलं. घड्याळवाल्यांनी ते भिंगाखाली धरलं. "अरे वा, हे तर स्प्रिंगसारखं गोल गोल आहे!"

"शाब्बास! तसंच लक्षात ठेवा. आता प्रात्यक्षिक. कात्री कुणाकडे आहे?"

सगळ्यांनी शिंप्याकडे पाहिलं. शिंपी दोन पावलं मागे सरकला. "मास्तर, त्या कात्रीने मी बायकोला कागदसुद्धा कापू देत नाही."

"ज्ञानासाठी मागतोय."

"ज्ञानासाठी म्हणताय म्हणून देतो हं," असं म्हणून तो बिचारा खाली जाऊन कात्री घेऊन आला.

मास्तरांनी डागाळलेली पानं कापली. मग नेमकं कुठे कापायचं ते प्रत्येकाला समजावं, म्हणून तीच कात्री घेऊन ते कुंडीकुंडीपाशी गेले आणि धडधाकट झाडांचीही एकेक फांदी छाटून दाखवली. दवाने पानं अजून ओली होती. मग विद्यार्थ्यांनी आपापल्या झाडाचं पान न् पान चाचपून पाहिलं. दहा मिनिटांची पन्नास मिनिटं झाली. त्या दुपारी मास्तरांना कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

आठवड्याने शिंपी धापा टाकत दारात हजर. "मास्तर, आला! तुम्ही सांगितला होता तस्साच! मी एका नजरेत ओळखला."

त्याच्या मागोमाग घड्याळवाले. "माझ्या तर पाचही झाडांवर आलाय. वर्तुळात वर्तुळ, पिवळी कड. काय बिनचूक शिकवता हो तुम्ही! मागच्या वर्षी आला असता तर आम्हाला त्याचं नावसुद्धा कळलं नसतं."

मास्तरांनी चपला पायात सरकवल्या. ते गच्चीवर गेले. सगळ्या कुंड्यांत पानं जळाल्यासारखी लोंबत होती. सुनेच्या आठही झाडांचे नुसते काटकुळे देठ उभे होते, आणि त्यावर काळे पडलेले कच्चे टोमॅटो. नर्स एका कोपऱ्यात हातमोजे घालून रोगट पानं पिशवीत भरत होती.

"कसा गं पसरला एवढा?" मास्तरांनी विचारलं. खरं तर उत्तर त्यांना जिना चढतानाच सापडलं होतं.

"हातांनी, सर. आणि कात्रीने. आमच्या वॉर्डात एका पेशंटला हात लावून तसाच दुसऱ्याला लावला, तर मेट्रन उभं जाळेल."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"हात वर केला होता, सर. तुम्ही म्हणालात, प्रश्न शेवटी."

"आणि शेवटी?"

"शेवटी टाळ्या वाजल्या."

मास्तर कठड्याला टेकले. छत्तीस वर्षांत असे किती हात वर होऊन, अवघडून, खाली गेले असतील, याचा हिशेब आता कोण देणार? मागच्या बाकावरची एक गप्प मुलगी त्यांना आठवली. तिचं नाव काही केल्या आठवेना.

मग ते दारोदार गेले. "करपा मी पसरवला," त्यांनी शिंप्याला सांगितलं.

"छे हो! हवेनं आला असणार."

"अरे, माझ्या हातांनी आला. तुझ्याच कात्रीने."

"मास्तर, तुमचं मन फार हळवं आहे," शिंपी म्हणाला आणि त्यांना पाणी दिलं. घड्याळवाल्यांनी तर पुढचा वर्ग कधी, म्हणून विचारलं. मास्तरांनी आजवर सांगितलेलं सगळं या लोकांना पटलं होतं. एवढी एक खरी गोष्ट तेवढी कुणाला पटेना.

बाराव्या दिवशी सून आली ती बॅग ठेवून थेट गच्चीवर. मास्तर तिच्या मागे. ती प्रत्येक कुंडीपाशी थांबली. मास्तरांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ओलं पान, शिंप्याची कात्री, टाळ्यासुद्धा.

"डाग कुठे दिसला होता?" तिने विचारलं.

"पहिल्या कुंडीत. अगदी खालच्या पानावर."

सून पालथ्या बादलीवर बसली. "तो मी जायच्या आधीच होता, बाबा. मी पाहिला होता. म्हटलं, आल्यावर बघू."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही करपा समजावून सांगितला असता. आणि माझी गाडी अकराची होती."

मास्तरांनी मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "आता सांगा. आज मला कुठे जायचं नाहीये."

बुरशी, तिचे बीजाणू, हवेतला ओलावा, असा अख्खा तास मास्तरांच्या जिभेवर येऊन उभा राहिला. त्यांनी तो गिळला. "रोगट पान दिसलं की काढायचं. लांब टाकायचं. हात धुवायचे."

"पुढे?"

"झालं."

सून सवयीने आणखी थोडा वेळ थांबली. खरंच झालं होतं.

"तुला काही विचारायचंय?" मास्तरांनी विचारलं.

"हो. पुढच्या महिन्यात मला परत आठ दिवस जायचंय. तोवर नवी रोपं उगवलेली असतील. ती कुणाकडे ठेवू?"

मास्तरांनी कुंड्यांतल्या काटकुळ्या देठांकडे पाहिलं. उत्तर द्यायला इतका वेळ त्यांनी कधीच घेतला नव्हता.

"नर्सकडे," ते म्हणाले.

"बरोबर," सून म्हणाली.