दोन शिट्ट्या आणि पिवळी घसरगुंडी

"मी पास केलेल्या घसरगुंडीवर एकोणीस वर्षांत एकाही पोराचा गुडघा फुटलेला नाही!"

हे वाक्य आपले तपासनीस साहेब दिवसातून निदान दोनदा तरी म्हणायचे. घरी, कार्यालयात, दाढी करताना आरशासमोरसुद्धा. आणि ते खोटं नव्हतं बरं का! फक्त त्यांच्या हातून पास होणाऱ्या घसरगुंड्याच इतक्या थोड्या, की गुडघा फोडून घ्यायला पोरांनी जायचं तरी कुठे?

शहरातल्या बागांमधले झोके, सी-सॉ आणि घसरगुंड्या तपासणं हे त्यांचं काम. जरा कुठे काही करकरलं की साहेब पिशवीतून लाल फीत काढत आणि दोन शिट्ट्या फुंकत. दोन शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी तडक बाहेर पडायचं आणि वॉचमनने फाटकाला कुलूप घालायचं. नियम साहेबांचाच. तो लोकांच्या इतका अंगवळणी पडला होता, की बाकावर डुलक्या काढणारे आजोबासुद्धा शिट्टी ऐकली की डोळे न उघडताच चप्पल शोधायला लागत. पोरांनी साहेबांचं नाव ठेवलं होतं, फीतकाका.

त्या दिवशी सकाळी साहेब चहा पीत होते आणि त्यांची आठ वर्षांची लेक, जिला घरात सगळे खार म्हणत (कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती), बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "बाबा, तू आज कुठली बाग तपासणार?"

"आपली! कोपऱ्यावरची. नवी पिवळी घसरगुंडी आलीये ना, ती नळीसारखी. आत काहीतरी खट् वाजतं अशी तक्रार आहे."

खारीचा हात नाडीवरच थांबला.

"बाबा, तू नको ना येऊस."

"का गं?"

"तू आलास की बाग बंद होते."

साहेबांना ठसका लागला. "अगं, ते तुमच्याच भल्यासाठी! शाळेत मैत्रिणींना सांग की जरा, माझा बाबा केवढं जबाबदारीचं काम करतो ते!"

खारीने बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. शेवटी स्वयंपाकघरातून साहेबांच्या बायकोनेच सांगून टाकलं, "मैत्रिणींना तिने सांगितलंय, बाबा कागदांचं काम करतो म्हणून. फीतकाका आपला बाबा आहे हे कुणाला कळू नये म्हणून तुझ्याबरोबर बागेतही येत नाही ती. तुझ्या लक्षात तरी आलंय का?"

नव्हतं आलं. खरंच नव्हतं आलं.

दप्तर उचलून खार दाराशी गेली आणि वळली. "बाबा, तू स्वतः कधी बसलायस घसरगुंडीवर?"

"मी? मी तपासतो!"

"हो, पण बसलायस का?"

साहेबांनी आठवायला सुरुवात केली. दुपारचे तीन वाजले, साहेब पिवळ्या घसरगुंडीसमोर येऊन उभे राहिले, तरी त्यांचं आठवणं चालूच होतं. लहानपणी ते बसले असणारच. सगळेच बसतात. पण पोटात गोळा येतो म्हणतात तो कसा येतो, ते काही केल्या आठवेना. माणूस एवढं विसरतो कसं, या विचाराने साहेब मनातून हलले.

तपासणीची पद्धत सोपी होती. आठ-दहा वर्षांच्या पोराच्या वजनाची, पंचवीस किलोची वाळूची गोणी वरून सोडायची आणि हातातल्या घड्याळात बघायचं. पाच सेकंदांत खाली आली तर 'चालू', नाहीतर 'बंद'. तपासणीच्या फॉर्मवर दोनच चौकोन. तिसरं काही लिहायला जागाच नव्हती.

साहेबांनी गोणी सोडली. खट्! पाच सेकंद झाले, दहा झाले, मिनिट झालं. गोणी काही बाहेर येईना.

झालं! हात आपोआप फितीकडे गेला. तेवढ्यात सकाळचा तो प्रश्न पुन्हा टोचला. बसलायस का? साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. दोन आज्या, माळी, सी-सॉवर चार पोरं. कुणाचंही लक्ष नव्हतं. त्यांनी डब्याची पिशवी फोनसकट बाकावर ठेवली, टॉर्च खिशात टाकला आणि शिडी चढून पायांकडून नळीत शिरले. म्हटलं, पायानेच गोणी ढकलू.

वळणापर्यंत छान गेले आणि पाय गोणीला टेकले. अंधार बघून साहेब असे घाबरले, असे घाबरले, की त्यांनी कोपरं आणि गुडघे ताणून दोन्ही भिंतींना रेटले. बाटलीच्या बुचासारखे घट्ट बसले! खाली जाता येईना, वर सरकता येईना.

"अहो! कुणी आहे का?" आवाज नळीतल्या नळीत घुमून विरला. मग त्यांना गळ्यातली शिट्टी आठवली. वा! साहेबांनी जीव खाऊन दोन शिट्ट्या फुंकल्या.

बाहेर आज्या उठल्या. पोरं सी-सॉवरून उतरली. माळ्याने झारी तिथेच टाकली.

"अजून कुणी कसं येत नाही?" म्हणून साहेबांनी आणखी दोन फुंकल्या. लोक पळायला लागले. साहेबांनी पुन्हा दोन फुंकल्या, तेव्हा वॉचमन म्हणाला, "आज भलतेच तापलेत!" आणि त्याने कुलूप घातलं, वर किल्ली खिशात टाकून चहाला गेला.

मग सगळं शांत झालं. साहेबांना घाम फुटला. त्यांनी कसाबसा खिशातला टॉर्च काढून खाली मारला. बुटाशेजारी वळणावर एक बोल्ट बोटाच्या पेराएवढा वर आला होता आणि गोणीची दोरी त्यात अडकली होती. एवढंच! पाना घेऊन दोन फेरे दिले की काम झालं. आजवर बंद केलेल्या घसरगुंड्यांत असे किती बोल्ट असतील कोण जाणे!

टॉर्च वळला आणि नाकासमोरच्या भिंतीवर खडूचं चित्र दिसलं. मोठ्या मिशा, हातात फीत, डोक्यावर दोन शिंगं. शेजारी लिहिलं होतं, 'फीतकाका राक्षस'. आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरात, 'तसे चांगले आहेत'.

ते अक्षर त्यांनी कुठेही ओळखलं असतं. घरच्या फ्रिजवर रोज असायचं. साहेबांना एकदम रडू आलं, आणि नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता.

तेवढ्यात वरून आवाज आला, "बाबा?"

"खारूताई! तू? फाटक तर बंद असेल ना!"

"कुंपणाला भोक आहे. मी शाळेतून घरी येत होते. तू नेहमी दोनच शिट्ट्या मारतोस. आज सहा वाजल्या. म्हटलं, बाबाला काहीतरी झालं."

"वॉचमनला बोलाव! अग्निशमनवाल्यांना बोलाव!"

"थांब रे. तू अंग घट्ट धरलंयस. सैल सोड."

"सोडलं तर पडेन!"

"पडणार नाहीस, घसरशील. त्यासाठीच असते ती."

साहेब हळूच म्हणाले, "मला भीती वाटतेय गं."

"सगळ्यांनाच वाटते पहिल्यांदा. डोळे मीट आणि जोरात ओरड. ओरडलं की भीती पोटातून बाहेर जाते. मी मागून ढकलते."

"मी ओरडू? अगं, मी तपासनीस आहे!"

"बाबा!"

साहेबांनी डोळे मिटले, कोपरं सोडली, गुडघे सोडले आणि असे ओरडले, की फाटकापलीकडच्या झाडावरचे पक्षी उडाले. दोरी तुटली, आणि आधी गोणी, मग साहेब, मग खार, तिघेही धपाधप खालच्या वाळूत! पोटात गोळा आला होता. मोठ्ठा! साहेब वाळूत उताणे पडून हसायला लागले आणि हसू काही थांबेना.

ओरडणं ऐकून लोक फाटकाशी जमले होते. वॉचमनने धावत येऊन कुलूप उघडलं. खारीच्या दोन मैत्रिणी पुढे आल्या. "हे फीतकाका तुझे कोण गं?"

साहेबांचं हसू थांबलं.

"माझा बाबा," खार फ्रॉकवरची वाळू झटकत म्हणाली. "आज पहिल्यांदाच बसला, म्हणून ओरडला."

मग साहेबांनी स्वतः नळीत शिरून बोल्ट पिळून बसवला. फॉर्मवरचे दोन्ही चौकोन सोडून समासात लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती केली. स्वतः बसून खात्री केली.'

"एकदा बसून काय कळतं?" खार म्हणाली.

साहेबांना तेवढंच निमित्त पुरलं. धावत जाऊन ते शिडीखाली पोरांच्या रांगेत उभे राहिले. पुढे घुसायला गेले तेव्हा एक चिमुरडी "ओ काका, रांग आहे!" म्हणून ओरडलीसुद्धा. शेवटी नंबर आला. भीती वाटली तर चावायला म्हणून त्यांनी शिट्टी दातात धरली आणि स्वतःला सोडून दिलं. पोटात गोळा आला, आनंद मावेना, आणि तो सगळा शिट्टीतूनच बाहेर पडला. एकदा. मग खाली आपटल्यावर आणखी एकदा!

साहेबांनी डोळे उघडले तर बाग रिकामी. फाटकाला कुलूप. समोर एकटी खार, कमरेवर हात ठेवून.

"आण ती शिट्टी इकडे."

साहेबांनी मान खाली घालून शिट्टी तिच्या हातावर ठेवली. तिने ती स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि शिडीकडे बोट दाखवलं.

"जा, रांगेत उभा राहा."

"पण रांगेत कुणीच नाहीये!"

"म्हणून तर म्हणतेय, पळ लवकर!"