पोर्ट्रेटला बसलेला माणूस

आमच्या विनितानं पापडी गावातल्या चित्रकलेच्या क्लासला नाव घातलं, इथपर्यंत सगळं ठीक होतं. एके दिवशी ती म्हणाली, "एस्थर टीचर म्हणाल्या, प्रदर्शनासाठी घरातलंच काहीतरी समोर ठेवून काढा. मी तांब्याचा हंडा काढते."

"घरात अख्खा नवरा असताना हंडा?" मी म्हणालो.

झालं. पुढचे सगळे रविवार मी आमच्या वेताच्या खुर्चीत बसून काढले. हे काम बसून करायचं असलं तरी सोपं नाही. नाक खाजतं. एरवी वर्षभर खाजत नाही, तेव्हाच खाजतं.

"अहो, हलू नका."

"हललो कुठे? श्वास घेतला."

"मग जरा कमी घ्या."

मध्येच दारावरची बेल वाजायची, फोन यायचा, कुकर बंद करायला मलाच उठावं लागायचं (तिचे हात रंगाचे). चित्र मात्र ती दाखवेना. "प्रदर्शनातच बघा," म्हणायची.

इकडे ऑफिसात मी "आमचं पोर्ट्रेट लागतंय" अशी बातमी सोडली. (कोणी काढलंय ते सांगायचं राहून गेलं.) पापडीचं कलाकेंद्र, प्रवेश विनामूल्य. शेवटचे दोन शब्द ऐकून नालासोपाऱ्याचा जितेंद्र यायला तयार झाला. विरारला राहणारे आमचे बांदेकर साहेबसुद्धा म्हणाले, "मिसेसना घेऊन येतो. तेवढंच फिरणं होईल."

ज्या शर्टात पोर्ट्रेटला बसलो होतो तोच घालून मी गेलो. लोकांना ताडून बघायला सोपं. विनिता दारापाशी पाहुण्यांना सरबत देत होती. मी माझी मंडळी घेऊन थेट आत शिरलो. केळीची बाग, चर्च, होड्या, पुन्हा चर्च आणि मग एक पोर्ट्रेट! खुर्ची, भव्य कपाळ, भरघोस मिशा, नजरेत करारीपणा. माझ्या मिशा तेवढ्या नाहीत, पण बायकोचं प्रेम कुठेतरी दिसणारच.

"हे बघा," मी म्हणालो.

"सदाभाऊ, चित्रात जास्त बरे दिसता," जितेंद्र म्हणाला.

"वय जरा जास्त वाटतंय," साहेबांच्या मिसेस म्हणाल्या.

"अनुभव दिसतोय तो," मी खुलासा केला आणि फोटोसाठी चित्रातल्यासारखा हनुवटीखाली हात घेऊन शेजारी उभा राहिलो.

तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. चित्राकडे बघून त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मला विचारलं, "तुम्ही पप्पांना ओळखत होता?"

"कोणाच्या?"

"आमच्या. मी ॲन्सेल्म. ईस्टरच्या आधीच गेले पप्पा. आमच्या जोआनानं काढलंय, त्यांची नात."

माझा हात अजून हनुवटीखालीच होता.

"फार भारदस्त होते," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ॲन्सेल्मचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि जितेंद्रला आमचा दोघांचा पप्पांबरोबर फोटो काढायला लावला. जितेंद्रचे खांदे इतके हलत होते, की तीनही फोटो हलले.

"अहो, तिकडे काय करताय? आपलं इकडे, खिडकीजवळ!" विनिता हाक मारत आली. तिचं चित्र पहिल्यांदाच भिंतीवर लागलं होतं. चेहरा असा फुलला होता, की मी मुकाट्यानं मागे गेलो.

चित्रात आमचा हॉल होता. खिडकीतून आलेलं ऊन, वेताची खुर्ची, तिच्या पाठीवर माझा निळा नॅपकिन. खुर्चीत कोणीच नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'दुपार'.

मी जवळ जाऊन पाहिलं. मग लांब जाऊन पाहिलं.

"आणि मी?"

"होतात की आधी! पण किती वेळा उठलात तुम्ही? शेवटी टीचर म्हणाल्या, जे समोर दिसतंय तेवढंच काढा." मग जरा हळू आवाजात म्हणाली, "कसं झालंय?"

वेताची एकेक वीण मोजून घ्यावी असं झालं होतं. ऊन तर हात लावून बघावंसं वाटत होतं. "सुंदर झालंय," मी म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो.

बांदेकर साहेबांनी चष्मा पुसला. बराच वेळ खुर्ची न्याहाळली, एकदा मला न्याहाळलं आणि विनिताला हात जोडले.

"वहिनी, कमाल आहे! अगदी हुबेहूब आलेत तुमचे मिस्टर. ऑफिसात मी बघायला जातो तेव्हा रोज असेच दिसतात. फक्त तिथल्या खुर्चीला चाकं आहेत."