टेम्प नावाचं फोल्डर

वास्तुविशारदाच्या कॉम्प्युटरवर सकाळी दहा वाजता बोटभरही जागा उरली नाही. नकाशे काढायचा त्याचा लाडका जुना प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालायचा नाही, म्हणून मेव्हण्याने याच्याच पोटात एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खोटा जुना कॉम्प्युटर, बसवून दिला होता. त्या खोट्या कॉम्प्युटरची डिस्क फुगत फुगत साठ जीबीची झाली होती, आणि शाळेच्या इमारतीचा नकाशा संध्याकाळी द्यायचा होता.

"कॉम्पॅक्ट करा, भाऊजी," मेव्हणा फोनवर म्हणाला. "आतली रिकामी जागा गळून पडते. फक्त आधी कॉम्प्युटर त्या डिस्कची एक तात्पुरती प्रत बनवतो, तिला जागा लागेल."

जागा मिळवण्यासाठी आधी जागा हवी तर! मग गाणी, लग्नाचा व्हिडिओ, सगळं पेनड्राइव्हवर हलवून त्याने काम सुरू केलं. नव्वद टक्के झालं असताना सासरे शर्ट घेऊन आले आणि इस्त्रीसाठी त्यांनी एक प्लग काढला. पडदा काळा झाला.

"काही चालू होतं का?" सासऱ्यांनी विचारलं.

"आता नाही."

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला तेव्हा अर्धवट प्रत तशीच पसरली होती.

"टेम्प, म्हणजे टेम्पररी, असं नाव दिसेल ते उडवा," मेव्हणा म्हणाला. "कचराच असतो तो."

त्याने टेम्प शोधलं, दिसलं ते उडवलं, कचरापेटीही रिकामी केली. या वेळी तो प्लगजवळ खुर्ची टाकून बसला. कॉम्पॅक्ट पुरं झालं. साठाचे एकोणसाठ झाले.

"आत रिकामं नसेलच, तर गळणार काय?" मेव्हण्याने विचारलं.

"अरे, आत एक प्रोग्राम आणि चार नकाशे आहेत."

तेवढ्यात बायको दवाखान्यातून आली. ती जनावरांची डॉक्टर. तिने कॉम्प्युटरमध्ये डोकावलं.

"अहो, माझं टेम्प नावाचं फोल्डर दिसत नाही ते?"

"कुठलं टेम्प?"

"टेम्परेचर. गुरांच्या तापाच्या तीन वर्षांच्या नोंदी. उद्या परिषदेत वाचायच्यात मला."

चाचरत त्याने सगळं सांगितलं. सासऱ्यांनी इस्त्री बंद केली आणि ते हळूच आत सटकले.

बायकोने व्हर्च्युअल मशीन उघडलं आणि आतलं एक फोल्डर दाखवलं. तापाच्या नोंदी, एक्स-रे, ऑपरेशनचे व्हिडिओ. चाळीस जीबी.

"तुम्हाला साफसफाईचा झटका येतो ना, तेव्हा फक्त या मशीनला तुम्ही हात लावत नाही," ती म्हणाली. "म्हणून एक प्रत इथे ठेवते मी."

फोनवरच्या मेव्हण्याने घसा खाकरला. "भाऊजी, मग तेवढं उडवलंत तर..."

"ठेव फोन," तो म्हणाला, आणि पायात चपला सरकवून नवी डिस्क आणायला निघाला.