एकशे शहाण्णव न्यूटनची मुलगी

शासकीय व्यवहारात प्रमाणित एककेच वापरावीत, असे परिपत्रक १९८७ साली धुळ्यातल्या देवपूरच्या एका शाळेत आले आणि ते वाचले गेले. येथून सगळे बिघडत गेले.

ते वाचणारे लोटन सर विज्ञान शिकवत. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वजन न्यूटनमध्ये, हा फरक त्यांनी मुलांच्या हाडीमाशी खिळवला होता. परिपत्रकानंतर आठवड्यातच आरोग्य तपासणी झाली. पाचवीतली सुगंधा काट्यावर उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "वजन वीस किलो."

"ते वस्तुमान झाले, डॉक्टरसाहेब," लोटन सर म्हणाले. "वजन एकशे शहाण्णव न्यूटन."

मुख्याध्यापक अभिमन देवरे यांनी परिपत्रकाकडे पाहिले आणि न्यूटनच्या बाजूने मत दिले. सगळ्या शाळेचे वजन न्यूटनमध्ये आरोग्य कार्यालयाला कळवण्यात आले.

कार्यालयात छगनराव कारकुनाने नेहमीप्रमाणे आकडे उतरवून घेतले. पुढचे एककाचे अक्षर उतरवण्याची पद्धत नव्हती; सगळे आकडे किलोच धरले जात. पंधरवड्यात शाळेला आदेश आला: विद्यार्थ्यांमध्ये गंभीर स्वरूपाचा लठ्ठपणा आढळला आहे, सुकडीचा पौष्टिक खाऊ वाटणे तात्काळ थांबवावे आणि मुलांना रोज मैदानाभोवती पळवावे.

सुकडी थांबली. मुले पळू लागली.

सुगंधाची आई धुरपदाबाई शेंगा फोडण्याचे काम टाकून शाळेत आली. "सर, मनी पोर जाडी शे का?"

लोटन सरांनी खिडकीतून बघितले. सुगंधा पळता पळता खाली बसली होती. ते तडक आरोग्य कार्यालयात गेले.

"दुरुस्ती होईल," छगनराव सौजन्याने म्हणाले. "शाळेने चुकीची माहिती दिली, एवढे लिहून द्या."

"माहिती बरोबर आहे."

"मग दुरुस्ती कशाची करायची, सर?"

वजनापुढे किलो लिहावे, तर लोटन सरांनी आयुष्यभर शिकवलेले खोटे ठरत होते. शाळेत परतल्यावर देवरे म्हणाले, "लोटनभाऊ, चूक कबूल केली तर शाळेची मान्यता धोक्यात येईल. मुले काय, पळतीलच." सरांनी काहीच लिहून दिले नाही. घरून डब्यात जादा भाकरी आणून ते सुगंधाला देऊ लागले, तेव्हा लठ्ठ विद्यार्थिनीस खाद्य पुरवल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली.

पुढच्या तपासणीत सुगंधाचे वजन एकशे शहाऐंशी न्यूटन भरले. कार्यालयात आनंद झाला. लठ्ठपणा हटवण्यात ही शाळा जिल्ह्यात पहिली आली होती. जळगावला दोन जिल्ह्यांच्या शिक्षकांचा मेळावा ठरला, लोटन सरांचा सत्कार ठरला आणि मोहिमेचे फलित म्हणून सुगंधाला व्यासपीठावर उभे करायचे ठरले.

मेळाव्यात तिला सरांशेजारी उभे केले गेले. पाहुण्यांचे भाषण लांबले. ती टेबलाला धरून उभी होती. सरांच्या खांद्यावर शाल पडली, ध्वनिक्षेपक पुढे आला. त्यांनी तिच्याकडे पाहिले, आणि जन्मात न केलेली गोष्ट केली.

"या मुलीचे वजन फक्त एकोणीस किलो आहे," ते म्हणाले. "हिला खायला द्या."

मग तिसऱ्या रांगेतून एक तरुण शिक्षिका उठल्या.

"क्षमा करा, सर. वजनाचे एकक न्यूटन आहे. किलो म्हणजे वस्तुमान."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी शिक्षिकेला जागच्या जागी पुष्पगुच्छ दिला. लोटन सरांनी चूक मान्य केली आणि ते खाली बसले.

त्यांची ही चूक, वाचकहो, तुमच्या तर त्या बाईंच्याही आधी लक्षात आली असेल. अभिनंदन. सुगंधाला मात्र कोणी अजून काही दिलेले नाही.