माशाची उलटतपासणी

बालवर्गातील मुलांची निरीक्षणशक्ती वाढावी, या उदात्त हेतूने वरिष्ठांनी आमच्या शाळेला एक अतिवास्तववादी चित्र पाठवलं. स्वप्नात जसा कशाचा कशाला मेळ नसतो, तसं. त्यात बूट घातलेला मासा होता आणि रडणारी किटली होती. मुख्याध्यापकांनी ते स्वतः स्टुलावर चढून टांगलं.

बाई नव्या होत्या, नोकरी कायम व्हायची होती. त्यांनी मुलांना सतरंजीवर बसवलं. "नीट बघा हं. घाई नको."

मुलांनी नीट बघितलं, तिथेच घात झाला.

"बाई, किटलीचं रडू वर चाललंय," चिमणी म्हणाली. चिमणी म्हणजे वर्गातलं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आवाजाचं माणूस. "चित्र उलटं आहे!"

कोपऱ्यातली चित्रकाराची सहीसुद्धा शीर्षासन करत होती. बाई धावत मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"शिक्षणाधिकारी साहेबांनी कालच 'योग्य' असा शेरा मारलाय," ते म्हणाले. "चित्र सरळ केलं तर साहेब उलटे पडतील."

"मग मुलांना काय सांगू?"

"मुलांना वळण लावा."

बाई परतल्या तेव्हा चिमणीने प्रश्न निकालात काढला होता. ती ओणवी होऊन पायांमधून चित्र बघत होती. तिचं बघून अख्खा वर्ग ओणवा झाला, खिदळायला लागला. नेमके तेव्हाच साहेब मुख्याध्यापकांसह आत आले. त्यांचं स्वागत मुलांच्या पाठमोऱ्या बाजूंनी केलं.

"हे काय?"

बाईंना घाम फुटला. मुख्याध्यापक मात्र मुरलेले. "अधोमुख निरीक्षण पद्धती, साहेब."

साहेब भारावले. पद्धत सर्व शाळांना सक्तीची झाली. जिथे चित्रं सरळ होती, तिथे एकसूत्रतेसाठी ती उलटी करण्यात आली. ओणवं होण्याच्या शिकवण्या निघाल्या. हाडांच्या डॉक्टरांनी शिक्षणक्षेत्रातील या क्रांतीचं मनापासून स्वागत केलं.

पालकसभेला साहेबांसकट सगळे चित्रासमोर ओणवे उभे राहिले. कोट, साड्या, टाय, सगळं जमिनीला टेकलेलं.

"बाई, आता तरी सरळ करा ना," चिमणी कुजबुजली.

नोकरीचा विचार बाईंच्या मनात आला आणि त्याच्या मागोमाग हसू आलं. हसू जिंकलं. त्यांनी स्टुलावर चढून चित्र सरळ केलं.

ओणव्या मंडळींना ते आता उलटं दिसू लागलं.

"वा!" साहेब गुडघ्यांमधून उद्गारले. "आता खरा अर्थ उलगडला!"

टाळ्या कडाडल्या. ताठ कोणीच झालं नाही. बाई तिथल्या तिथे कायम झाल्या.

तुम्ही हसताय, हसा. पण मुलाच्या प्रवेशासाठी आमच्या फाटकाबाहेर आज जी लांबलचक ओणवी रांग लागली आहे, तिच्यात तुम्ही जरा नीट वाका. मागच्यांना दिसत नाहीये.